बारा वकील आणि एक संघटना

(नदीकाठचं शिल्प, पायथ्यापासून टोकापर्यंत)

अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी, डी मॉइन. सुमारे 30 फूट उंचीचं हे काळं शिल्प 2018 मध्ये इथं उभं राहिलं. एकावर एक रचलेले हे आकार आफ्रिकेतल्या ‘बोलक्या ढोलां’वरून घेतलेत. असे ढोल निरोप पोचवायला वाजवत. हे स्मारक आहे कृष्णवर्णीय वकिलांची राष्ट्रीय संघटना उभारणाऱ्या बारा वकिलांचं: अकरा पुरुष, एक स्त्री.

(आयोवातलं बक्सटन. शेतातले दगडी अवशेष)

इथं एकेकाळी कोळसाखाणीचं गाव होतं. खाणकामगार कृष्णवर्णीय आणि गोरे. डॉक्टर, वकीलही कृष्णवर्णीय. जॉर्ज वुडसन यांनी या गावात वकिली केली. आधी लष्करात शिपाई, मग हॉवर्ड विद्यापीठाची कायद्याची पदवी. 1901 मध्ये त्यांनी आयोवातल्या कृष्णवर्णीय वकिलांना एकत्र आणलं. पुढच्या राष्ट्रीय संघटनेचा पाया तिथंच पडला, आणि त्याचं श्रेय वुडसन यांना मिळायलाच हवं.

(जुनी छायाचित्रं)

वकिलांची देशव्यापी संघटना, अमेरिकन बार असोसिएशन, 1878 पासून होतीच. 1911 मध्ये तिनं विल्यम लुईस यांना सदस्य करून घेतलं. लुईस केंद्र सरकारचे असिस्टंट ॲटर्नी जनरल, म्हणजे वरिष्ठ कायदा अधिकारी. ते कृष्णवर्णीय आहेत हे कळताच कार्यकारिणीनं निवड रद्द केली. ॲटर्नी जनरल विकरशॅम यांनी सदस्यांना पत्रं धाडून लुईस यांची बाजू घेतली. 1912 च्या मिलवॉकी अधिवेशनात तडजोड झाली. लुईस आणि आणखी दोघे कृष्णवर्णीय सदस्य राहतील. पण यापुढे कुणाचं नाव सुचवताना त्याचा वंशही कळवायचा. तिघांना आत ठेवून दार लावून घेतलं!

(गर्ट्रूड रश यांचं छायाचित्र, संथ झूम)

या गर्ट्रूड रश. नवऱ्याच्या कचेरीत कायदा शिकल्या. 1918 मध्ये सनद मिळाली. आयोवातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील. 1921 मध्ये, जवळपास सगळे सदस्य पुरुष असलेल्या, आयोवातल्या कृष्णवर्णीय वकिलांच्या संघटनेनं त्यांना अध्यक्ष निवडलं. तिकडे अमेरिकन बार असोसिएशनला पहिली महिला अध्यक्ष मिळाली 1995 मध्ये.

(बारा जणांची नावं, एकेक करून)

1 ऑगस्ट 1925. डी मॉइनमध्ये कृष्णवर्णीय वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेची, आजच्या नॅशनल बार असोसिएशनची, स्थापना झाली. वुडसन पहिले अध्यक्ष. बारा संस्थापकांत आयोवाचे पाच, त्यांत रश. शिकागोचे फ्रान्सिस स्ट्रॅडफर्डही होते. 1921 मध्ये टल्सा शहरात गोऱ्या जमावानं कृष्णवर्णीय वस्तीवर केलेल्या हत्याकांडात त्यांच्या वडिलांचं हॉटेल जाळलं गेलं होतं.

(पुन्हा शिल्प)

1943 मध्ये अमेरिकन बार असोसिएशननं ठराव केला, की सदस्यत्वासाठी वंश पाहिला जाणार नाही. नॅशनल बार असोसिएशनचं काम आजही सुरू आहे.