ओटी, झोप आणि ज्युदोची मॅट

(कामगारांच्या एका स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मला बोलवणाऱ्यांनी विषय दिला होता ‘नोकरी सांभाळून मार्शल आर्ट’. मी म्हटलं, सांभाळून वगैरे काही नसतं. काहीतरी सांडतंच. काय सांडू द्यायचं एवढंच आपल्या हातात असतं. त्यामुळे आज मी ज्युदोचे फायदे सांगणार नाही, हिशेब सांगणार आहे. मी स्टोअरचा माणूस आहे. माल आत आला तर कुठून आला आणि बाहेर गेला तर कुठे गेला, याची नोंद नसेल तर मला रात्री झोप लागत नाही.

मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये आहे. तिन्ही पाळ्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या. वयाच्या चौतिसाव्या वर्षी ज्युदो सुरू केलं, आता एक्केचाळीस चालू आहे. सात वर्षांत ब्राउन बेल्टपर्यंत आलोय. माझ्याबरोबर पांढरा पट्टा बांधलेली शाळेतली पोरं केव्हाच पुढे गेली. त्यातला एक मला आता आपटतो आणि वर ‘काका, लागलं नाही ना?’ असं विचारतो.

पहिल्या दिवशी मी सरांना फी विचारली. महिना सहाशे रुपये. मनात म्हटलं, स्वस्त आहे. खरी फी दोन महिन्यांनी कळली. तेव्हा माझा पगार एकोणीस हजार होता. सव्वीस दिवसांनी भागा, दिवसाचे साधारण 730. फॅक्टरी कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम (आमची ‘ओटी’) दुप्पट दराने, म्हणजे चार तास ओटी केली की एका दिवसाचा पगार. संध्याकाळी सुपरवायझर येऊन ‘थांबतोस का?’ म्हणायचा आणि क्लासचा दिवस असला की मी ‘नाही’ म्हणायचो. महिन्यात अशा चार ओट्या गेल्या. गुणाकार करा, 2,900 रुपये होतात. फी सहाशे आणि सोडलेली ओटी 2,900! क्लासच्या पावतीवर हा आकडा कधीच लिहिलेला नसतो. घरात मात्र तो पहिल्याच महिन्यात दिसतो, कारण किराणा त्यातूनच यायचा.

मग काय केलं? ओटी बंद केली नाही. महिन्याला दोन सोडायच्या, त्याहून जास्त नाही, असं घरी ठरवलं. ‘घरी ठरवलं’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. आधी मी एकट्यानेच ठरवायचो आणि बायकोला नंतर कळायचं. एकदा ती म्हणाली, ‘तुमचा रविवार मॅटवर गेला, मग माझा रविवार कुठला?’ आता आपल्याकडचं तुम्हाला माहीत आहे. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी आणि क्लासचा मोठा सराव रविवारी, कारण शाळा-कॉलेजची पोरं रविवारी मोकळी. मी रविवारची पाळी बदलून घ्यायचो आणि गुरुवारी दिवसभर झोपायचो. म्हणजे तिच्या वाट्याला ना रविवार ना गुरुवार. माझा वेळ मी ‘काढला’ नव्हता, तिच्याकडून न विचारता उचलला होता. आमच्या भाषेत सांगायचं तर स्लिप न भरता माल उचलला होता. तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळचा स्वयंपाक माझा, पोरांचा अभ्यास माझा, आणि ती भजनाला जाते. माझ्या पोळ्यांचे नकाशे होतात, पण ती त्यावर बोलत नाही. भजन चुकेल अशी भीती असावी.

पाळ्यांचं गणित सरांनी सोडवलं. त्यांच्याकडे सकाळी सहाची बॅच होती आणि संध्याकाळी साडेसहाची. फी एका बॅचचीच, पण ते म्हणाले, कुठल्याही बॅचला ये. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी, सेकंडच्या आठवड्यात सकाळी. नाईटच्या आठवड्यात यायचंच नाही. तीन आठवड्यांतले दोन. प्रवेश घ्यायच्या आधी हे विचारा. हॉल किती मोठा, भिंतीवर पदकं किती, हे नंतर बघा. आणि क्लास कंपनी आणि घर यांच्या मध्ये असू द्या. मी बॅग गाडीला अडकवूनच कामावर जातो. एकदा घरी जाऊन चहा प्यायला बसलो की मग कुठला क्लास!

नाईटच्या आठवड्यात जायचं नाही, हा नियम मात्र सरांनी नव्हता केला, तो माझ्या गळपट्टीच्या हाडाने केला. दुसऱ्या वर्षी मला चांगलीच खाज होती. नाईट करून सकाळी सातला सुटलो, त्या दिवशी सुट्टी होती म्हणून बॅच उशिरा होती, सरळ मॅटवर गेलो. ज्युदोत पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल ठेवायची आणि पूर्ण हात मॅटवर सपाट आपटायचा, म्हणजे आदळणं पसरून जातं. जे कधीच करायचं नाही ते म्हणजे पडताना हात टेकून स्वतःला सावरायला जाणं. मला हे सगळं येत होतं, पण झोप नसलेल्या शरीराला येत नव्हतं. एका पोराने फेकलं आणि मी हात टेकला. कट्कन आवाज आला, तो पलीकडच्या भिंतीजवळ बसलेल्यालाही ऐकू गेला.

सहा आठवडे घरी. मी तेव्हा ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत, होतो. आजारपणाच्या रजेत तिथून पगाराच्या साधारण सत्तर टक्के मिळतात. म्हणजे तीस टक्के बुडाले, दीड महिन्याचे आठेक हजार. क्लासच्या तेरा महिन्यांच्या फीएवढे. ओटी गेली ती वेगळीच. पैसे वाचवायचे असतील तर झोपा, असं मी पोरांना सांगतो तेव्हा ती हसतात. मी तेरा महिन्यांची फी भरून हे शिकलोय.

ज्यांचा पगार 21,000 च्या वर आहे त्यांना ईएसआय नाही, त्यांनी मेडिक्लेमची पॉलिसी काढून वाचावी. धोकादायक खेळांबद्दलचं एक कलम त्यात असतं. ते वाचून लोक घाबरतात. त्यातला एक शब्द नीट बघा: व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली इजा वगळलेली असते. आपण कुठले व्यावसायिक! तरी आपल्या पॉलिसीतली भाषा स्वतः बघा, एजंटच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. आणि फिजिओथेरपीचे पैसे साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाहीत, ते खिशातूनच.

आता थोडं जपानचं. कोणी म्हणतं, हे रिकाम्या लोकांचे धंदे आहेत. ज्युदो ज्यांनी सुरू केलं ते जिगोरो कानो नोकरदार होते. 1882 मध्ये टोकियोच्या एका देवळात त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, आणि त्याच वर्षी ते शाळेत शिकवायलाही लागले. जागा होती बारा तातामींची. तातामी म्हणजे तिकडची जाड चटई, एक साधारण सहा बाय तीन फुटांची, म्हणजे सगळं मिळून दोनशे सोळा चौरस फूट. आपल्यातल्या कितीजणांची राहती खोली तेवढी असेल.

मला त्याहून जवळचे वाटतात ते कराटेवाले फुनाकोशी. ओकिनावात प्राथमिक शाळेत मास्तर होते, तीस वर्षांहून जास्त. कराटे तेव्हा उघड शिकवत नसत, म्हणून ते रात्री कंदील घेऊन गुरूच्या घरी चालत जायचे आणि उजाडता उजाडता परत यायचे. शेजारीपाजारी कुजबुजायला लागले: मास्तर रोज रात्री जातात कुठे? काहींनी ठरवूनच टाकलं की हे कोठीवर जात असणार! (हशा) हसू नका, आमच्या चाळीत माझ्याबद्दलही पहिले सहा महिने काहीतरी चर्चा होतीच. रात्री बॅग घेऊन जाणारा आणि लंगडत परत येणारा माणूस.

तर हे फुनाकोशी 1922 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, टोकियोला आले आणि तिथेच राहिले. पैसे नव्हते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात दाराजवळची एक छोटी खोली मिळाली. तिथे ते राखणदारी करायचे, झाडलोट करायचे, बाग बघायचे, आणि हॉल मोकळा असेल तेव्हा कराटे शिकवायचे. ही गोष्ट सरांनी मला मुद्दाम सांगितली होती, कारण हाड मोडल्यानंतर फी भरायचे वांधे होते आणि मी क्लास सोडायला आलो होतो. त्यांनी फी माफ केली नाही. म्हणाले, अर्धी भर, अर्ध्याचं काम कर. मॅट अंथरायच्या, पुसायच्या, लहान पोरांचा वॉर्मअप घ्यायचा. दोन वर्षं मी हे केलं. माफी मागताना मान खाली जाते, फडकं हातात असलं की जात नाही. निदान माझी तरी गेली नाही.

किरकोळ पैशांचं झटपट सांगतो. ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा गणवेश, पहिले तीन महिने विकत घेऊ नका. ज्युदोत कॉलर-बाही पकडायची असते म्हणून तो लागतोच, पण क्लासमध्ये कुणाचा तरी जुना पडलेला असतो. माझा पहिला कोपरावर ठिगळ लावलेला होता. नंतर 1,800 चा घेतला, तो अजून टिकलाय. वर्षभराची फी एकदम भरू नका, सवलत कितीही असो. बेल्ट परीक्षेची फी, प्रमाणपत्राचे पैसे, कॅम्पचे पैसे आधी विचारून घ्या. कराटेत तर संघटना इतक्या की एकीचा पट्टा दुसरीत चालेलच असं नाही.

आणखी एक. जून आणि डिसेंबरच्या पगाराच्या स्लिपवर ‘एलडब्ल्यूएफ’ (कामगार कल्याण निधी) लिहून 25 रुपये कापलेले दिसतात ना? त्यावर 75 मालक घालतो. ते कामगार कल्याण मंडळाकडे जातात. 1953 च्या कायद्यापासून हा निधी चालू आहे. त्यातून कामगार कल्याण केंद्रं चालतात, बऱ्याच ठिकाणी व्यायामशाळा आहेत, शिवणवर्ग आहेत, वाचनालयं आहेत. मी अकरा वर्षं पैसे भरले आणि केंद्राचं दार एकदाही बघितलं नव्हतं. स्टोअरचा माणूस असून!

नाईटच्या आठवड्यात मी घरीच दहा मिनिटं करतो. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला मधोमध बांधायची, दोन्ही टोकं दोन हातांत धरायची, म्हणजे समोरच्याची कॉलर आणि बाही झाली. मग वळायचं, खेचायचं, परत जागेवर यायचं. शंभर वेळा. पंक्चरवाला ट्यूब फुकट देतो. तोंडी सांगून हे कळत नाही. मी पिशवीत एक आणलीये. या हॉलच्या खिडकीचे गज बरे दिसतायत. ज्यांना सेकंड शिफ्टला पळायचं नाही त्यांनी पुढे या, खुर्च्या जरा बाजूला घ्या.