निरीक्षण चुकले

मंडळी, बोलायचं ठरलं होतं स्पर्धेच्या हिशोबावर. तो कागद खजिनदारांनी मागच्या टेबलावर ठेवलाय, भरीत-पुरीची रांग लागायच्या आत बघून घ्या, नंतर त्यावर तेलाचे डाग पडतील. त्याच टेबलावर एक वही आहे. तिच्यावरून आमच्या घरी गेल्या रविवारपासून धुसफूस चालू आहे, म्हणून मी तिच्याबद्दलच बोलतो.

नाताळच्या सुट्टीत भारतात, जळगावच्या यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या तीन शाळांत आपण तिसरी-चौथीची विज्ञान स्पर्धा घेतली. आपले पाच स्वयंसेवक आणि तिथले गुरुजी. नियम असा की विकत काही आणायचं नाही, घरात असेल त्यावरच प्रयोग. तरी मी इथून कागदी पिशव्यांचे दोन गठ्ठे नेले, विमानतळावर जास्तीच्या वजनाचे पैसे भरून. गावातला किराणावाला वर्तमानपत्राच्या पुडीत शेंगदाणे बांधता बांधता म्हणाला, "काय भो, तिकडे फक्त पुड्याच मिळतात का?"

प्रयोग अर्थात केळीचा. काही हिरवी केळी एका पिकल्या केळ्याबरोबर पिशवीत बंद करायची, काही उघडी ठेवायची. पिकलेलं केळं इथिलीन वायू सोडतं, तो पिशवीत कोंडतो आणि आतली केळी लवकर पिकतात. पाच दिवस रोज बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. बहुतेक वह्यांत हेच आलं, काहींत तर वाक्यंही तीच. एका चौथीतल्या मुलानं मात्र लिहिलं होतं, "पिशवीतली केळी पिकली नाहीत. काळी पडली. घरातली पिवळी झाली." मी २० पैकी ४ गुण दिले आणि लाल पेनानं शेरा मारला: निरीक्षण चुकले.

रविवारी लेक वह्या चाळत बसली होती. नऊ वर्षांची आहे, मराठी अक्षर लावत वाचते. म्हणाली, "बाबा, त्यानं बघितलं तेच लिहिलं ना? मग चुकलं काय?" मी म्हटलं, उत्तर चुकलं. "पण तू उत्तर कुठे विचारलं होतंस?" ओट्यापाशून आमची ही म्हणाली, "द्या आता."

मग लेकीनं पान उलटलं. पेन्सिलीनं काढलेलं घर, बाजूला शिडी, वर एक पिशवी. "हे घराच्या डोक्यावर काय आहे?"

धाबं, म्हणजे घराचं सपाट छप्पर. पोरानं पिशवी धाब्यावर ठेवली होती, डिसेंबरच्या थंडीत.

अहो, मी केळीवाल्याचा मुलगा. पारा दहाच्या खाली उतरला की आबा रात्री बांधावर काडीकचरा आणि ओला पाला पेटवून बागेत धूर करायचे, आणि मी मफलर गुंडाळून काडेपेटी सांभाळत उभा. चरका म्हणजे केळीला बसणारा थंडीचा फटका, हे इथल्या रावेर-यावलवाल्यांना सांगायला नको. साधारण १३ अंशांखाली केळं नीट पिकत नाही, साल काळवंडते. इथल्या दुकानात येणारी केळीसुद्धा बोटीत १३-१४ अंशांवर जपून आणतात. हे सगळं मला पाठ होतं. पण वही हातात असताना आठवलं नाही, त्यासाठी नऊ वर्षांच्या पोरीला चित्रावर बोट ठेवावं लागलं.

प्रयोगात खोट होतीच. त्यानं पिशवी बदलली आणि जागाही बदलली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. पण हे सांगायला आधी विचारायला हवं होतं, "बाळा, पिशवी कुठे ठेवली होतीस?" मी विचारलं नाही. खरं कारण सांगतो, बाहेर कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढायला घेतला होता.

हसू नका. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये आपल्या मुलांच्या स्पर्धेत ज्वालामुखी दिव्यांसकट फुटत होते आणि तिसरीतली मुलं बाजूला उभी राहून वडिलांना वायर धरून देत होती. मुलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका बाबांनीच दिलं, आणि गुण कमी का म्हणून रात्री मेसेजही त्यांचाच. आज भरिताला दोनशे ताटं लागतील. परीक्षकांच्या यादीत आठ नावं आहेत, त्यात दोन नवरा-बायकोच्या जोड्या. आणि मी कोणत्या तोंडानं बोलतोय? लेकीच्या तक्त्यात एक आकडा वेडावाकडा आला तेव्हा "परत मोज" असं मीच म्हणालो होतो. दुसऱ्यांदा तिनं मला हवा होता तोच आकडा आणला. मोजला की नुसता लिहिला, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायचं धाडस होत नाही.

सोमवारी गुरुजींना फोन केला. धाकट्या भावानं केळी खाऊ नयेत म्हणून पिशवी वर ठेवली होती म्हणे. मी म्हटलं, गुण वाढवतोय, त्याला कळवा. गुरुजी म्हणाले, "कळवतो. पण तो रोज विचारतो, वही कधी येणार म्हणून." मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "ते उत्तर खोडून नीट लिहायचंय म्हणतो."

वही अजून मागच्या टेबलावरच आहे. लेकीनं पाकीट आणून दिलंय. मी त्यावर पत्ता घातलेला नाही.