कोरड्या हवेचा बेदाणा

(दृश्य: शिराळ्यातली भातखाचरं; मग जतकडचं उघडं माळरान)

एकाच सांगली जिल्ह्यातली ही दोन्ही दृश्यं. शिराळ्यात सह्याद्रीचा पाऊस आणि भात. वाळवा-पलूसला कृष्णाकाठची काळी जमीन, ऊस, हळद. मिरज मागे टाकून पंढरपूर रस्त्याला लागलं, की कवठेमहांकाळपासून हिरवा रंग विरत जातो. जत, आटपाडी, खानापूर हा दुष्काळी पट्टा. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायचं गलाईकाम घेऊन देशभर पांगली, ती याच पावसाच्या भरवशावर राहता येईना म्हणून.

पुढे ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवलं. बागा वाढल्या. हवा मात्र कोरडीच राहिली, आणि बेदाण्याला नेमकी तीच लागते.

(दृश्य: घड तोडणी, क्रेट, डिपिंगची टाकी)

बेदाण्यासाठी द्राक्ष घाईनं तोडत नाहीत. गोडी किमान 22 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) जाऊ द्यायची. त्याआधी तोडलं तर बेदाणा हलका आणि आंबटसर होतो, वजनातही मार बसतो. चांगल्या मालाचा हिशेब साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा.

मण्यावर मेणाचा पातळ थर असतो. तो पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून 100 लिटर पाण्यात आधी अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट पूर्ण विरघळवायचं, मग दीड लिटर डिपिंग ऑइल, म्हणजे द्राक्षं बुडवायच्या द्रावणातलं तेल, हळूहळू ओतत ढवळायचं. द्रावण दुधाळ दिसलं पाहिजे. तेल वर तरंगत असेल तर काही मणी नीट भिजतात, काही कोरे राहतात. मग एकाच जाळीवर निम्मा माल वाळलेला आणि निम्मा फुगलेला. क्रेट दोन ते चार मिनिटं बुडवून निथळत ठेवायचा. दिवसभर तेच द्रावण वापरलं की त्याचा जोर उतरतो. तिथे काटकसर करणाऱ्याला पुढे प्रतवारीत भोगावं लागतं.

(दृश्य: रॅक आतून)

रॅक म्हणजे वर छप्पर, बाजूला शेडनेट आणि आत एकावर एक ताणलेल्या जाळ्या. घड एकाच थरात पसरतात. सावलीत, वाहत्या वाऱ्यावर बारा ते पंधरा दिवस लागतात. रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. ती जास्त झाली तर वास बेदाण्यातच राहतो.

खरी भीती मार्चमधल्या अवकाळीची. नुसतं ढगाळ आलं तरी वाळणं लांबतं आणि हिरवा मणी तपकिरी पडतो. पाऊस आत शिरला तर बुरशी. तेव्हा बाजूचे पडदे सोडावे लागतात, पण पाऊस थांबला रे थांबला की लगेच उघडायचे. बंद रॅकमधली दमट हवा पावसाइतकीच वाईट.

(दृश्य: जाळ्या झाडणारे हात, खाली पडणारा बेदाणा)

ओलावा 14 ते 16 टक्क्यांवर आला की जाळ्या झाडतात. मग देठ काढणं, धुणं, पुन्हा सुकवणं, प्रतवारी, आणि 15 किलोची पेटी. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण तासगावच्या सौद्यात व्यापारी आधी मूठ भरतो, आवळतो आणि सोडतो. दाणे सुटे झाले तर बोली पुढे सरकते. गोळा तसाच राहिला, तर माल ओला.

भाव पटला नाही तर शेतकरी पेट्या पुन्हा शीतगृहात नेतो. तिथलं भाडं चढत असतं, आणि बागेच्या पुढच्या ऑक्टोबर छाटणीचा खर्च दारात उभा असतो.