वेगळं पातेलं

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापला आहे ‘मधुमेही जोडीदाराचं ताट’. त्या ताटाकडे मी येणारच आहे, पण आधी एका पातेल्याबद्दल बोलायचं आहे. सात वर्षं झाली, ते माझ्या मनातून जात नाही. माझी बायको समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. यातलं काय सांगायचं आणि काय नाही, हे आम्ही दोघांनी घरी बसून ठरवलं आहे.

तिला टाइप दोनचा मधुमेह निघाला तेव्हा एचबीए१सी होतं ८.४ टक्के. हा आकडा इथल्या बहुतेकांना पाठ असेल, तरी नव्यांसाठी सांगतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडते. ६.५ किंवा त्याहून जास्त आलं की मधुमेह धरतात. आदल्या दिवशी कडक पथ्य पाळून हा आकडा सुधारत नाही. हसताय म्हणजे काही जणांनी करून पाहिलेलं दिसतंय.

तर त्या दिवशी दवाखान्यात तिच्या हातात एक छापील कागद दिला. दोन रकाने, ‘खा’ आणि ‘खाऊ नका’. दुसरा रकाना पहिल्याच्या दुप्पट लांब. घरात स्वयंपाक कोण करतं, बाजार कोण आणतं, रात्रीचं जेवण किती वाजता होतं, तिला सगळ्यात जास्त काय आवडतं, यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. या गोष्टीचा राग मला आजही आहे, कारण आजार एका माणसाला होतो, पण स्वयंपाक सगळ्या घराचा होतो. पथ्याचा कागद एकट्या रोग्याच्या हाती देणं म्हणजे त्याला त्याच्याच घरात पाहुणा करून ठेवणं.

आमच्याकडे तेच झालं. तेव्हा स्वयंपाक ती करायची. आधी आम्हा सगळ्यांचा, नेहमीसारखा. मग दमल्यावर, शेवटच्या शेगडीवर, एका लहान पातेल्यात स्वतःसाठी उकडलेल्या भाज्या. मीठ नाही, फोडणी नाही. वास्तविक मधुमेहात फोडणीला बंदी कुणी घातलेली नाही, तेल मोजून घातलं की झालं. पण पथ्य म्हणजे बेचव, अशी तिची समजूत होती आणि ती खोडून काढायला कुणी नव्हतं. आमची जेवणं झाल्यावर ती ते पातेलं घेऊन बसायची. मी मनातल्या मनात म्हणायचो, किती निग्रहाची बाई आहे!

आणि मी काय करत होतो? मदत. निदान मला तसं वाटत होतं. तिचा हात भाताकडे गेला की मी बघायचो. बोलायचो नाही, फक्त बघायचो. कुणी गोड पुढे केलं की तिच्या आधी मीच म्हणायचो, ‘तिला चालत नाही.’ चार माणसांत, तिच्या देखत.

एका रात्री एकच्या सुमाराला जाग आली, तर स्वयंपाकघरात उजेड. ती फ्रिजचं दार उघडं ठेवून उभी होती आणि भांड्यातला गार भात हातानं खात होती. मला पाहून ती दचकली नाही. म्हणाली, ‘तू झोप. एक घास तरी मला कुणी बघत नसताना खाऊ दे.’

ते वाक्य मी सात वर्षं जपून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी मी ते लहान पातेलं घासलं आणि माळ्यावर टाकलं. ठरवलं की यापुढे घरात एकच स्वयंपाक होईल, तिला चालेल तो, आणि तो सगळे खातील. मुलांनी आठवडाभर कुरकुर केली. मग भाजीत फोडणी परत आली आणि कुरकुर थांबली. आठवड्यातले चार दिवस स्वयंपाक माझ्याकडे आला. कांदा परतायला मी पन्नाशीत शिकलो आणि ते शिकल्याचा मला फार आनंद आहे.

‘एकट्या तिच्यासाठी सगळ्यांनी का सोसायचं?’ असं मला पुष्कळ जण विचारतात. त्यात सोसणं काही नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून मांडणी केली. पती-पत्नींपैकी एकाला मधुमेह असेल, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता सुमारे २६ टक्क्यांनी जास्त दिसते. रक्ताचं नातं नसताना! घर एक, डबे एक, बसण्याच्या सवयी एक. म्हणजे तिचं ताट हे माझंही औषध आहे.

चिठ्ठी आली आहे, सहा मिनिटं उरली. मुख्य विषय राहिलाच, तेव्हा भरभर सांगतो.

ताट डोळ्यांनी मोजा. अर्ध्या ताटात भाज्या, पण बटाटा त्यात धरू नका. पाव भागात डाळी, अंडी, मासे यांसारखी प्रथिनं. उरलेल्या पाव भागात भात किंवा दुसरं धान्य. भात वाईट नाही, त्याचा ढीग वाईट. पिष्ट पदार्थ पोटात गेले की त्यांचं ग्लुकोज होतं, मग ते गोड लागोत वा न लागोत. आमच्याकडे साखरेचा डबा बंद केला आणि भात तेवढाच राहिला, म्हणून सुरुवातीचे तीन महिने आकडा हलला नाही.

खाण्याचा क्रमही बदलून पाहा. कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये टाइप दोनच्या ११ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. जेवण तेच, पण भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्ट पदार्थ पंधरा मिनिटांनी. तासाभरानंतरची साखर उलट क्रमापेक्षा सुमारे ३७ टक्के कमी निघाली. अकराच माणसं, हे लक्षात ठेवा. पण याला खर्च काही नाही आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर स्वतःच ताडून बघता येतं.

फळ खा, रस नको. जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांचा रस यांतली साखर आपल्या चमच्यातल्या साखरेबरोबरच मोजते. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा मोठा आहे. ब्रिटनमध्ये ३०६ जणांवर झालेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत कमी उष्मांकांचा आहार आणि नंतरची देखरेख मिळालेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षाअखेर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होते. तो आहार दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा होता आणि डॉक्टरांच्या नजरेखाली होता. घरच्या घरी करायचा नाही.

आणि हे मात्र नीट ऐका. जोडीदार इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर असेल, तर भात एकदम निम्मा करण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागतो. नाहीतर ग्लुकोमीटरवरची साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

प्रश्नांना पाच मिनिटं ठेवली आहेत. मला विचारा, पण आधी तिला विचारा. तिसरी रांग, डावीकडून दुसरी खुर्ची.