मानपत्रात नाव बदलून बघा

(तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या वार्षिक नागरी सन्मान सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. 'सन्माननीय व्यासपीठ' वगैरे सगळं सूत्रसंचालकांनी आधीच म्हणून टाकलंय, त्यामुळे माझी पाच मिनिटं वाचली. ती मी परत करणार नाही, वापरून टाकणार आहे.

आपल्या नागरी सन्मानाचं हे चौदावं वर्ष. आधीच्या १३ वर्षांची मानपत्रं मी लिहिली. मराठीचा मास्तर, अक्षर बरं आणि निवृत्तीमुळे रिकामा, एवढ्या भांडवलावर ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षीचं मानपत्र मला अजून पाठ आहे. 'समाजऋणाची जाणीव ठेवून, निरपेक्ष वृत्तीने अहोरात्र झटणारे आपले व्यक्तिमत्त्व...' असं ते सुरू व्हायचं आणि तसंच संपायचं. वाचून झालं, टाळ्या झाल्या. नंतर चहाच्या वेळी सत्कारमूर्तींच्या पत्नी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, छान लिहिलंत हो. पण हे नक्की काय करतात, ते काही आलं नाही त्यात."

ते गृहस्थ २० वर्षं बेवारस मृतदेहांवर अंत्यसंस्कार करत होते. पदरच्या पैशांनी. मी ते 'सेवाकार्य' या एका शब्दात गुंडाळलं होतं. घरी गेलो, मानपत्राची प्रत काढली, त्यांचं नाव खोडलं आणि तिथे माझ्या मेव्हण्याचं लिहिलं. तंतोतंत लागू पडलं. माझा मेव्हणा काय करतो, हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

तेव्हापासून ही एकच चाळणी मी वापरत आलोय. मानपत्रात नाव बदलून बघायचं. दुसऱ्या कुणाला ते चालत असेल, तर फाडायचं आणि त्या माणसाच्या घरी परत जायचं.

असंच एकदा गेलो होतो आपल्या वॉलमनकडे. पाणी सोडणाऱ्या माणसाला पुरस्कार द्यायचा, असं समितीत ठरलं तेव्हा एकाने विचारलंही होतं, "पगार घेतोच की तो." घेतो. पण मी सकाळी सहाला दारात उभा राहिलो तेव्हा तो माणूस पहिलं वाक्य काय बोलला? "गुरुजी, तुमच्या आळीला पाणी कमी आलं का?" इतक्या वर्षांत त्याच्या दारात माणूस आला तो तक्रार घेऊनच. पुरस्काराचं सांगितल्यावर त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली. तोवर मी उभाच होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी त्याच्याबरोबर फिरलो. खांद्यावर ती साडेचार फुटी लोखंडी चावी, मुठीच्या जागी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, कारण थंडीत लोखंड हाताला झोंबतं. चेंबरचं झाकण सरकवलं की आधी आत बॅटरी मारायची, साप असतो. मग चावी बसवायची आणि आटे मोजायचे. मला वाटत होतं, वॉल म्हणजे एकतर उघडा नाहीतर बंद. तो म्हणाला, "बाजारपेठेचा पूर्ण उघडला तर वरच्या आळीला नळातून नुसती हवा येती. म्हणून तिथं पावणेसात आटे. वरच्या आळीचा आख्खा सोडायचा. आणि शाळेमागचा अडीच, त्याच्या वर गेलं की जोड सुटतो." नऊ वॉल, नऊ हिशेब. कुठल्याही वहीत नाहीत. गावातल्या कुणाच्या घरी कळशी भरते की अर्धी राहते, ते या एका माणसाच्या मनगटात आहे.

मानपत्रात मी ते आकडे लिहिले. पावणेसात, आख्खा, अडीच. भाषा म्हणून त्यात काही नव्हतं, दुकानाच्या यादीसारखं दिसत होतं. पण वाचताना 'वरच्या आळीचा आख्खा' इथे आलो आणि मागच्या बाजूला बसलेल्या वरच्या आळीतल्या बायकांनी मधेच टाळ्या वाजवल्या. पुढे त्याच्या हाताखाली एक पोरगा द्या म्हणून अर्ज केला तो त्याच बायकांनी. हिशेब आता दोन मनगटांत आहे.

आता जरा गावाबाहेर जाऊ. आपल्या महाराष्ट्राला पुरस्कारांचा नाद आहे, असं आपण हसत म्हणतो. पण याच नादाचा उपयोग करून घेणारी माणसंही इथे झाली. २०००-०१ मध्ये आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तुमच्यातल्या ज्यांनी ते पाहिलंय त्यांना आठवत असेल, तपासणी समिती येणार म्हटल्यावर गाव रात्रभर जागायचं. गटारं उपसली जायची, उकिरडे हलायचे, भिंतींवर सुविचार रंगायचे. त्यातली मेख अशी की आधी निधी आणि मग काम, हा सरकारी क्रमच तिथे उलटा होता. आधी गावाने हात घाण करायचे, मग बक्षीस. ज्यांच्या नावाने हे चाललं होतं ते गाडगेबाबा मात्र गावात शिरले की खराटा हातात घेऊन झाडायला लागायचे आणि कुणी पायाला हात लावू लागलं तर लावू द्यायचे नाहीत. त्यांना कुणी व्यासपीठावर खुर्ची दिली असती, तर त्यांनी तिच्याखालची जमीन झाडली असती.

पुढे केंद्र सरकारचा निर्मल ग्राम पुरस्कार आला. हागणदारीमुक्त झालेल्या गावांना दिल्लीत बोलावून सन्मान होऊ लागला. आपल्या राज्यातल्या गावांनी तो मोठ्या संख्येने मिळवला. आणि नंतरच्या पाहण्यांत असंही दिसलं, की पुरस्कार मिळालेल्या बऱ्याच गावांत लोक पुन्हा उघड्यावर जायला लागलेत, संडासात सरपण रचलंय. मी हे टीका म्हणून सांगत नाही. तपासणीचा एक दिवस असतो आणि शौचाला रोज जावं लागतं, इतकी साधी अडचण आहे ती. म्हणून आपल्याकडे मी पहिल्यापासून हट्ट धरला, की कुणाचंही काम निदान दोन पावसाळे जुनं असल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

याच्या उलट पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली पाणी अडवण्याची स्पर्धा बघा. २०१६ ला सुरू झाली, तीन तालुक्यांत: वरुड, अंबाजोगाई, कोरेगाव. पहिल्या वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वेळू गावाने पहिला नंबर मारला, बक्षीस ५० लाख. पुढच्या वर्षी तोच मान आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने मिळवला. छोटं, आदिवासी वस्तीचं गाव. ४५ दिवस भर उन्हाळ्यात चर खणायचे, बांध घालायचे. लोक म्हणतात, बक्षिसासाठी केलं. असेल. पण स्पर्धेत न जिंकलेल्या शेकडो गावांतही तेच चर खणलेले होते, आणि पाऊस पडताना काही निकालपत्र बघून पडत नाही. तिथे पुरस्कार हरलेल्यालाही काहीतरी हाती लागत होतं.

आणि तो गावाला होता. गटाला पुरस्कार द्यायचा कसा, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं, आणि फजिती होऊन कळलं. एका वर्षी आपण एका बचत गटाला सन्मान दिला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परगावच्या अडकलेल्या ऊसतोड मजुरांना ५१ दिवस दोन वेळचं जेवण घालणारा गट. बायका ११, आणि आम्ही आणली शाल एक. नारळ एक, सन्मानचिन्ह एक. सूत्रसंचालकांनी पुकारलं, 'गटाच्या अध्यक्षांनी व्यासपीठावर यावं.' अध्यक्ष आल्या, शाल घेतली, फोटो झाला. बाकीच्या दहा जणी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. पैकी एक जण, जिच्या चुलीवर रोज १५ किलो तांदूळ शिजत होता, ती अध्यक्ष नव्हती, सचिव नव्हती, कुणीच नव्हती. पुढच्याच महिन्यात तो गट फुटला. केवळ शालीमुळे फुटला असं मी म्हणत नाही, गट फुटायला दहा कारणं असतात. पण अकरावं आम्ही पुरवलं. त्या दिवसापासून गटाला सन्मान असला की सगळ्यांना वर बोलवायचं, प्रत्येकीचं नाव आणि तिने केलेलं काम वाचायचं, आणि शाल कुणालाच नाही. वेळ लागतो. कार्यक्रम लांबतो. डास चावतात. चावू देत.

  

शालीवरून आठवलं. ३१ मे ही अहिल्यादेवी होळकरांची जयंती. २०२३ साली राज्य सरकारने ठरवलं, की या दिवशी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातल्या दोन कर्तबगार स्त्रियांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार द्यायचा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि रोख ५०० रुपये. राज्यात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती. म्हणजे एका दिवसात ५५-५६ हजार बायकांचा सत्कार! वर्तमानपत्र वाचून आमच्या मित्रमंडळात हशा पिकला होता, पाचशे रुपयांत काय येतं म्हणून. मला मात्र ती कल्पना आवडली आणि अजूनही आवडते. रकमेचं सोडा. गावात बसून दोन नावं काढायची म्हणजे निदान एकदा तरी ग्रामपंचायतीच्या टेबलावर हा प्रश्न येतो, की आपल्या गावात कोणती बाई काय करते? दाई, आशाताई, अंगणवाडीची मदतनीस, बालविवाहाची खबर देऊन सगळ्यांचं वैर ओढवून घेणारी कुणी. आता त्या टेबलावरून नावं कुणाची निघतात, हे ज्या त्या गावाला माहीत. सरपंचांच्या घरात कर्तबगार बायका नसतातच असं थोडंच आहे!

याच्या दुसऱ्या टोकाला ते पुरस्कार आहेत, जे हल्ली मोबाइलवर येतात. 'अभिनंदन! आपली राज्यस्तरीय समाजभूषण पुरस्कारासाठी निवड झाली आहे. नोंदणी शुल्क अमुक, सोबत जेवण.' मला दोनदा आलाय. एकदा तर आदर्श शेतकरी म्हणून आला. माझ्याकडे कुंडीत तुळस आहे.

राहीबाई पोपेरे सगळ्यांना माहीत आहेत. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे, गावठी बियाण्यांची बँक, २०२० च्या यादीत पद्मश्री. राष्ट्रपती भवनात नऊवारी नेसून गेलेल्या त्या बाईंचा फोटो आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवला. मला नेहमी त्याच्या आधीचा काळ बघावासा वाटतो. शाळेचं तोंड न पाहिलेली एक बाई वालाच्या, घेवड्याच्या, भाताच्या जाती घरात जपून ठेवते आहे, शेजारपाजारच्या बायकांना देते आहे. तिकडे बायफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेचे लोक काम करत होते, त्यांच्या नजरेला ते पडलं आणि त्याला हात मिळाला. पद्मश्री फार पुढची गोष्ट. पहिल्यांदा कुणीतरी मडक्यात डोकावून 'हे काय आहे?' असं विचारलं असणार. दिल्लीला ते काम जमत नाही. मडक्यात डोकावायला गावातलंच माणूस लागतं, आणि आपल्यासारख्या छोट्या पुरस्कारांना अर्थ आहे तो तेवढ्यापुरताच.

सन्मानचिन्हाबद्दल थोडं बोलतो, कारण खजिनदार माझ्याकडे बघतायत. पुण्याच्या पुण्यभूषण पुरस्काराचं स्मृतिचिन्ह पाहिलंय कुणी? सोन्याच्या फाळाने जमीन नांगरणारे बालशिवाजी. बघताक्षणी गाव कळतं, गोष्ट कळते. आपण बरीच वर्षं काचेचा तो उभा तुकडा देत होतो, ज्यावर नाव चिकटवलेलं असतं आणि मे महिन्यात निघून पडतं. गावात पन्नास घरांत टीव्हीशेजारी तो उभा आहे, नावाशिवाय. वॉलमनच्या वर्षी पहिल्यांदा आम्ही ते बंद केलं आणि त्याला डोक्याला लावायची बॅटरी दिली, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. ती तो रोज वापरतो. मानपत्र मात्र त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवलंय, आणि पाहुणा आला की काढून दाखवतो, हे त्याच्या मुलीने मला सांगितलं.

आजच्या पाच मानपत्रांतलं एकही मी लिहिलेलं नाही. वाचनालयातल्या दोन मुलींनी लिहिलीत. चाळणी लावून बघितली, मेव्हणा एकातही बसत नाही.

बाहेर चपलांच्या स्टँडशेजारी टेबलावर पुढच्या वर्षीचे शिफारस-अर्ज ठेवलेत. अर्ज एका पानाचा आहे. त्यात शिक्षण, भूषवलेली पदं, मिळालेले पुरस्कार असले रकाने नाहीत. दोनच प्रश्न आहेत: हे काम तुम्ही स्वतः कधी पाहिलंत? आणि त्या वेळी तो माणूस नेमकं काय करत होता? ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, मुली लिहून घेतील. स्वतःचं नाव स्वतः सुचवलेलं चालणार नाही, बायकोकडून सुचवलेलं मात्र चालेल, कारण आजवर एकाही बायकोने सुचवलेलं नाही. पेन सुतळीने बांधलंय. गेल्या वर्षी तीन गेली.