पाटीवरचे वॅट आणि गच्चीवरचा वारा

घरासाठी पवनचक्की घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, किती किलोवॅटची घेऊ? तो जरा बाजूला ठेवा. आधी पात्यांच्या चक्राचा व्यास विचारा आणि आपल्या जागेवर वारा किती वाहतो ते मोजा.

हिशेब करून बघू. दोन मीटर व्यासाचं चक्र फिरताना ३.१४ चौरस मीटर जागा व्यापतं. सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर, त्या जागेतून साधारण ११७ वॅट शक्ती घेऊन जातो. ती सगळी काढता येत नाही. कमाल ५९.३ टक्के, ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिली. घरगुती यंत्र प्रत्यक्षात पाव हिस्सा देतं. हाती आले ३० वॅट, कमी विजेवर चालणारा एक बीएलडीसी पंखा चालेल इतके. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट, तिप्पट झाला की सत्तावीसपट. म्हणजे सेकंदाला १२ मीटरच्या वाऱ्यात हेच यंत्र ८०० वॅटच्या आसपास जाईल, फार चांगलं असेल तर हजार. यंत्राच्या पाटीवर लिहिलेले '१००० वॅट' असल्याच वेगाचे असतात. पण ताशी ४३ किलोमीटरचा वारा तुमच्या गच्चीवर वर्षातले किती तास असतो?

वारा एकसारखा वाहत नाही, झोतांमध्ये जास्त शक्ती असते. त्यामुळे सरासरी ४ मीटर असलेल्या जागी उत्पादन ३० वॅटच्या जवळजवळ दुप्पट धरता येतं. कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं उपकरण) आणि बॅटरीत जाणारं वजा केलं की दिवसाला एक युनिट. एका फ्रिजची सोय झाली, घराची नाही.

जाहिरात तपासायलाही हेच गणित वापरा. सव्वा मीटरपेक्षा लहान चक्र आणि दावा २००० वॅटचा, असं यंत्र दिसलं तर थांबा. १.२ मीटर व्यासातून १२ मीटर वेगाचा वारा एकूण ११४० वॅटच नेतो. त्यातून २००० निघणारच नाहीत. विक्रेत्याकडे ५ मीटर सरासरी वाऱ्याला वर्षाची किती युनिटं, हा आकडा लेखी मागा, आणि यंत्र आयईसी ६१४००-२ या छोट्या पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तपासलंय का ते विचारा.

आता मुंबईचा वारा. दुपारी समुद्रावरून खारे वारे, रात्री उशिरा मंद मतलई वारे, आणि जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येकडून मोसमी वाऱ्याचा जोर. समुद्रालगतच्या मोकळ्या जागी हे बरं वाटतं. पण दादर किंवा घाटकोपरच्या गच्चीवर वारा पोचतो तो शेजारच्या इमारतींवर आपटून, भोवरे घेत. भोवऱ्यात चक्र सारखं तोंड फिरवत राहतं, वीज कमी होते आणि बेअरिंग लवकर जातात.

याची परीक्षा स्वस्तात होते. सहा-सात मीटरचा बांबू घ्या, दर मीटरला एक-एक मीटरची साटीनची रिबीन बांधा आणि कठड्याजवळ, टाकीजवळ, गच्चीच्या मध्यभागी असा आळीपाळीने उभा धरा. खालच्या रिबिनी उलट्या फिरतील, काही वर उचलल्या जातील, काही बांबूला गुंडाळतील. ज्या उंचीवर रिबीन आडवी, ताठ राहते, त्याच्या वर चक्र हवं. जुना नियम असा की दीडशे मीटरच्या आत जो सर्वांत उंच अडथळा असेल त्याच्यापेक्षा चक्र १० मीटर वर असावं. शेजारी वीस मजली टॉवर असेल तर विषय तिथेच संपला. रिबीन पास झाली तरच वेगमापक लावून किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा मोजणी करा.

उभ्या अक्षाची, म्हणजे उभ्या दांड्याभोवती पाती फिरणारी यंत्रं गच्चीसाठी म्हणून विकली जातात. वारा कुठूनही आला तरी ती फिरतात, हे खरं. पण तेवढ्याच क्षेत्रफळात वीज सहसा कमी देतात, आणि भोवऱ्यात शक्तीच नसेल तर त्यांनी तरी काढायची कुठून?

गच्चीचा प्रश्न इथे सर्वांत गंभीर आहे. आयएस ८७५ या बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग, म्हणजे बांधकामाच्या हिशेबाला धरायचा जोराचा वारा, सेकंदाला ४४ मीटर धरलाय. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात शहरात ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत आले होते. ४४ मीटरला दोन मीटरच्या चक्रावर साडेतीनशे किलोच्या घरात आडवा रेटा येऊ शकतो. खांब ६ मीटरचा असेल तर बुडाशी त्याला वाकवू पाहणारा जोर ३५० गुणिले ६, म्हणजे २१०० किलोग्रॅम-मीटर होतो. चार अँकर बोल्ट ठोकून हे भागत नाही. त्यातून स्लॅबला भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग गेलं, आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर गळती. यंत्राची थरथरही खाली उतरते, रात्री बेडरूममध्ये ऐकू येते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल आणि सोसायटीचा ठराव आधी, आगाऊ रक्कम नंतर. विमानतळामुळे असलेल्या उंचीच्या मर्यादेत हा खांबही मोजला जातो.

माझं स्पष्ट मत सांगतो. शहरातल्या सोसायटीने पैसे सौर पॅनेलमध्ये घालावेत. एक किलोवॅटचे पॅनेल मुंबईत सरासरी दिवसाला चारेक युनिटं देतात, आणि पीएम सूर्यघर या केंद्राच्या सौर योजनेत सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे (एकट्या घराला ३ किलोवॅटला ७८,०००), जे पवनचक्कीला नाही. पण कोकणात किनाऱ्यावर किंवा साताऱ्याच्या पठारावर मोकळं घर असेल, तर जुलैत पॅनेल झोपतात तेव्हाच वारा जोरात असतो. तिथे दोन्ही एकत्र लावावं.

लावणार असाल तर बॅटरी ४८ व्होल्टची ठेवा. १००० वॅटला ४८ व्होल्टवर २१ अँपिअर जातात. तीस मीटर अंतराला १० चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये ५ टक्के नुकसान होतं, २४ व्होल्टवर तेच १९ टक्के. जोडताना आधी बॅटरी, मग डंप लोड (बॅटरी भरल्यावर जास्तीची वीज जाळणारा रोधक), शेवटी पवनचक्की. काढताना आधी ब्रेक मारून चक्र थांबवा. वाऱ्यात लोड सुटला की चक्र मोकाट सुटतं आणि पाती फुटतात. डंप लोडचा रोधक खूप तापतो, तो लाकडापासून दूर ठेवा.

खांब बिजागरीचा, खाली झुकवता येणारा घ्या. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, म्हणून खांब गॅल्व्हनाइज्ड आणि बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे हवेत. दर मे महिन्यात खांब उतरवून पात्यांच्या कडा, बेअरिंगचा आवाज, शेपटीची बिजागरी आणि ताणाच्या तारांचे टर्नबकल (तार घट्ट करायचे स्क्रू) बघा. हाताने फिरवताना चक्र खरखरलं, तर ते पावसाळ्यात वर चढवू नका.