क्लच दाबल्यावर आवाज जातो का?

कुर्ल्याचा सीएसटी रोड. स्पेअर पार्टच्या दुकानांपुढे अर्धा रस्ता गाड्यांनीच अडवलेला. एका गॅरेजमध्ये बोरिवलीहून आलेले गृहस्थ तोंडाने आवाज काढून दाखवतायत, ‘घर्रर्र... असा.’ इथे त्याला कुणी हसत नाही.

आवाज कसा आहे, हे मिस्त्री ऐकून घेतात. त्यांना हवं असतं ते वेगळंच: तो थांबतो कधी?

‘काका, न्यूट्रलला ठेवा. आता क्लच दाबा.’

घरघर गेली. पाय काढला, परत आली.

न्यूट्रलला क्लच सोडलेला असला तरी इंजिन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवतच असतं. क्लच दाबला की शाफ्ट थांबतो. त्याच्याबरोबर आवाजही थांबला, म्हणजे संशय शाफ्टच्या बेअरिंगवर. दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर क्लचचं रिलीज बेअरिंग धरलं असतं. काही गाड्यांत न्यूट्रलला हलकी खडखड मुळातच असते, म्हणून मिस्त्री एक चक्कर मारून येतात. गाडीवर लोड आला की घरघर वाढते. खात्री पटली.

वळताना टकटक वाजलं तर एक्सलचा जॉइंट बघायचा. रिव्हर्सला कुंईं होते म्हणून घाबरून येणारेही असतात. बहुतेक गाड्यांत त्या गिअरचे दात सरळ कापलेले असतात, ते ओरडणारच. अशांना चहा पाजून परत पाठवतात.

‘पावसात पाण्यातून काढली होती का?’

‘जुलैमध्ये अंधेरी सबवेत अडकली होती. पण इंजिनला काही झालं नाही.’

इंजिन वाचलं की माणूस निश्चिंत होतो, हीच गडबड. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. गिअरबॉक्सला तेवढा लागत नाही. तो खाली बसवलेला, त्याला हवा खेळायला छोटा ब्रीदर असतो. गरम डबा गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, जुन्या सीलमधून पाणी ओढलं जातं.

ड्रेन बोल्ट सुटतो. ऑइल बाहेर येतं ते दूध घातलेल्या चहासारखं. बोल्टच्या मॅग्नेटवर राखाडी लगदा आहे. तेवढी झीज चालते. पण मिस्त्री तो चिमटीत चोळतात आणि बोटांना कपच्या टोचतात. बेअरिंगचं पोलाद सुटायला लागलंय.

‘ऑइल बदलून महिनाभर चालवली तर?’

‘बेअरिंग फुटलं तर गिअरचे दात घेऊन जाईल, काका. मग बेअरिंगचा नाही, अख्ख्या गिअरबॉक्सचा खर्च.’

गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, तर ऑइल सील आणि रिलीज बेअरिंगही बदलायचं ठरतं; मजुरी एकदाच लागते. ऑइल मात्र गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं, दुकानदार देईल ते नाही. पोरगा यादी घेऊन समोरच्या दुकानात पळतो. काका किल्ली मिस्त्रींकडे देतात आणि कुर्ला स्टेशनची रिक्षा शोधायला लागतात.